एक गाडी, चार खेळ आणि १२९८ सीसी

चौघं मित्र, प्रत्येकी साडेबासष्ट हजार रुपये, म्हणजे एकूण अडीच लाख. एवढ्यात एक जुनी गाडी घ्यायची. त्या गाडीने रविवारी ऑटोक्रॉस करायचं, पावसाळ्यात एखादी टीएसडी रॅली करायची, जमलंच तर घाटातली हिलक्लाइंब आणि आयुष्यात एकदा तरी खऱ्या रेस ट्रॅकवर चार चकरा. आणि सोमवारी सकाळी तीच गाडी घेऊन परसोडीच्या आयटी पार्कात हजर राहायचं.

गेले दोन महिने आमच्याकडे हाच विषय चाललाय. आमच्यातला जो सगळ्यात कमी बोलतो तो एकदा वैतागून म्हणाला, "अबे, एका गाडीत चार खेळ पायजे तं बैलजोडीच घे ना! वावरात नांगर, बाजाराले दमणी, अन् पौषात शंकरपट." सगळे हसलो, पण मला ते वाक्य चिकटूनच राहिलं. कारण खरंच, शंकरपट आणि ऑटोक्रॉस यांत तत्त्वाचा फरक फारसा नाही. जोडी पळवायची आणि घड्याळ बघायचं. समोर प्रतिस्पर्धी दिसो न दिसो, हरायचं ते सेकंदाच्या भागाने.

तर मंडळी, हा प्रश्न आमचा एकट्याचा नाहीये हे मला थोडं वाचल्यावर कळलं. भारतातल्या हौशी मोटरस्पोर्टचा बराचसा इतिहास म्हणजे याच प्रश्नाची दर पंधरा-वीस वर्षांनी दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत. ती उत्तरं आधी बघू, मग आमच्या अडीच लाखांकडे येऊ.

आधी खेळ समजून घ्या, म्हणजे पंचाईत कळेल.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे जोरात पळवणारा हरतो. आयोजक सांगतात की या टप्प्यावर सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर ठेवा. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे किलोमीटरला बरोब्बर १०० सेकंद. वाटेत कुठेतरी झाडामागे घड्याळ घेऊन माणूस बसलेला असतो. त्याच्यापाशी लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. यात गाडीला ताकद नको, पण भरवसा हवा आणि किलोमीटर मोजणारा काटा इमानदार हवा. टायर झिजून त्याचा घेर २ टक्क्यांनी कमी झाला की १०० किलोमीटरमागे २ किलोमीटरचा घोळ, आणि वरच्या हिशेबाने २०० सेकंदांचा! माझ्यासारख्या दिवसभर कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला हा खेळ आवडला नाही तरच नवल.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात मातीवर चुन्याने आखलेली नागमोडी वाट. इथे गाडी हलकी हवी, वळणात चपळ हवी आणि खालून दगड लागला तर रडणारी नको. सर्किट रेसिंगला याच्या उलट. डांबरी ट्रॅक, त्यामुळे गाडी जितकी जमिनीला चिकटून तितकी चांगली. स्टेज रॅलीत बंद केलेल्या कच्च्या रस्त्यावर पूर्ण वेगाने पळायचं, शेजारी को-ड्रायव्हर वळणांच्या नोट्स वाचत बसलेला, आणि भोवती लोखंडी पिंजरा, म्हणजे रोल केज. आणि हिमालयातल्या किंवा राजस्थानातल्या लांब पल्ल्याच्या रॅलींना तर उंच, दणकट, चारही चाकं ओढणारी गाडीच लागते.

म्हणजे एका खेळाला गाडी खाली हवी, दुसऱ्याला वर. एकाला हलकी, दुसऱ्याला दणकट. सगळ्यांत पहिली येणारी एक गाडी जगात कुणी बनवलेली नाही. पण सगळ्यांत *उतरू शकणारी* गाडी मात्र अधूनमधून तयार होते, आणि गंमत म्हणजे ती बनवणाऱ्याच्या मनात शर्यत नसते.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटनची मिनी. १९५६ च्या सुएझ संकटानंतर पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी म्हणून अ‍ॅलेक इसिगोनिसने ती आखली. १९५९ साली आली तेव्हा इंजिन ८४८ सीसी. बाजारहाट करायची गाडी! पण चाकं पार चार कोपऱ्यांत, वजन कमी, इंजिन आडवं. तिचं कूपर नावाचं तिखट भावंड निघालं आणि १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा माँटे कार्लो रॅली जिंकून गेलं. त्याच गाड्या सर्किटवर, टेकडीवर, शेतातल्या चिखलात, सगळीकडे हौशी लोकांनी पळवल्या. कारण एकच. गल्लीत दहा मिनी उभ्या होत्या, त्यामुळे सुटे भाग होते, आणि त्या खोलता-जोडता येणारी माणसं होती.

आता आपल्याकडे या.

स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षं आपल्याकडे 'कोणती गाडी' हा प्रश्नच फारसा नव्हता. परवाना राज होतं, आयातीवर जबर कर होता. फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि स्टँडर्ड हेराल्ड एवढाच मेनू. त्यातली फियाट म्हणजे आपली मुंबईची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. १०८९ सीसीचं इंजिन, मागची चाकं ओढणार, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. हीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपल्या सगळ्यांच्या आठवणीत राहिली.

मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, तिथे शर्यती व्हायच्या. श्रीमंतांच्या आयात केलेल्या रेसिंग कार एका गटात, आणि दुसऱ्या गटात या फियाट आणि हेराल्ड. ज्या गाडीत घरची मंडळी लग्नाला जायची तिचाच सायलेन्सर काढून, मागचं सीट काढून, कार्बुरेटरशी खटपट करून लोक पळायचे. १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली, ती १९९० पर्यंत चालली. परदेशी चालक आणि त्यांच्या भारी गाड्या आपल्या लोकांनी तेव्हा जवळून पाहिल्या. पाहिल्या खऱ्या, पण घेणार कशा? घरी गाडी बुक केली तर हातात पडायला वर्षानुवर्षं लागायची.

मग १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग या ग्राहकाला मिळाली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी. मिनीची भारतीय पुतणीच म्हणा ना. मध्यमवर्गाला गाडी मिळाली ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. शर्यतीला इंजिन मिळालं, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

कोइम्बतूरचे एस. करिवर्धन हे उद्योगपती घराण्यातले, पण हात ग्रीसमध्ये घालणारे. त्यांनी एकच साधा हिशेब केला. विदेशी रेसिंग कार सामान्य मुलाला परवडणार नाही. पण मारुती ८०० चं इंजिन गावोगाव मिळतं. तेव्हा ते इंजिन उचलायचं आणि एका हलक्या, एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या गाडीत बसवायचं. १९८८ मध्ये अशी फॉर्म्युला मारुती सुरू झाली. सगळ्यांची गाडी सारखी, इंजिन सारखं, म्हणजे फरक फक्त चालवणाऱ्याचा. कोइम्बतूरचाच नारायण कार्तिकेयन आपली पहिली शर्यत याच फॉर्म्युला मारुतीत धावला आणि पहिल्या तिघांत आला. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय ठरला. करिवर्धन ते बघायला नव्हते. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. कोइम्बतूरच्या ट्रॅकला आज त्यांचं नाव आहे.

जरा थांबून विचार करा. दळणाचा डबा आणायच्या गाडीचं इंजिन, आणि तिथून निघालेली वाट फॉर्म्युला वनपर्यंत. मधला पूल कुठल्या सरकारी योजनेने बांधला नाही. सुटे भाग स्वस्त होते, म्हणून तो बांधला गेला.

८०० ने सुरुवात करून दिली, पण 'सगळ्या खेळांना एक' याचं खरं उत्तर आलं ते नव्वदच्या दशकात. आणि ते उत्तर म्हणजे गाडी नव्हती! ते होतं एक इंजिन. सुझुकीचं जी१३. अ‍ॅल्युमिनियमचं, चार सिलिंडरचं, ७४ मिलिमीटर बोअर, ७५.५ मिलिमीटर स्ट्रोक. गुणाकार करून बघा, १२९८ सीसी येतात.

हे इंजिन १९९४ मध्ये एस्टीममध्ये आलं. पुढे त्याला १६ व्हॉल्व्ह आणि फ्युएल इंजेक्शन मिळालं आणि ताकद ८५ बीएचपी झाली. एस्टीमचं वजन नऊशे किलोच्या आत. बँकेतल्या मॅनेजर काकांची ही सोज्वळ सेडान म्हणून सर्किटवर आणि राष्ट्रीय रॅलीत वर्षानुवर्षं पळत राहिली. १९९६ मध्ये हेच कूळ जिप्सी किंगच्या बॉनेटखाली आलं. १६ व्हॉल्व्हची आवृत्ती ८० बीएचपीची. जिप्सी म्हणजे लोखंडी चौकट, पट्ट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ताकद, आणि वजन तरीही हजार किलोच्या आसपास. चंदीगडचे हरी सिंग जिप्सी घेऊन पाच वेळा राष्ट्रीय रॅली विजेते झाले. १९९९ मध्ये सुरू झालेली रेड-दे-हिमालय आणि २००३ मध्ये सुरू झालेली डेझर्ट स्टॉर्म, दोन्हीकडे हौशी माणसाची पहिली गाडी म्हणजे जिप्सी. आपल्याकडे नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय मालिकेतली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' व्हायची, तिथल्या मुरमाड रस्त्यांवरही हीच घराणी धूळ उडवायची.

२००५ मध्ये स्विफ्ट आली, तिच्या पेट्रोल गाडीत पुन्हा हेच १.३ लिटरचं इंजिन. आणि करिवर्धनांची कल्पना पुढे नेणारी एलजीबी फॉर्म्युला ४ ही शिकाऊ रेसिंग कार, तिच्यातही स्विफ्टचं १.३.

आता हे सगळं एका ओळीत ठेवा. बर्फातली जिप्सी, रॅलीतली एस्टीम, शहरातली स्विफ्ट आणि ट्रॅकवरची एका माणसाची रेसिंग कार, सगळ्यांच्या पोटात एकाच कुळाचं इंजिन. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी एकच, वर अ‍ॅप्लिकेशनं चार. ज्या मिस्त्रीला एक खोलता आलं त्याला सगळी खोलता आली. एका खेळात शिकलेली युक्ती दुसऱ्या खेळात चालली. खेळाडूपेक्षा मिस्त्री जास्त तयार झाले, आणि मला वाटतं मिस्त्री तयार होतात तेव्हाच एखाद्या गावात हा खेळ रुजतो.

विदर्भात याचा पुरावा हवा असेल तर ताडोबाला जा. सफारीला ज्या उघड्या जिप्सी उभ्या असतात, त्या वर्षानुवर्षं जंगलातल्या मातीत आपटत आल्या आहेत. त्या कुणीतरी रोज दुरुस्त करतं ना? चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात जिप्सीची नस ओळखणारे हात आहेत ते या वाघांच्या कृपेने.

असो. आता वाईट बातमी.

एस्टीम २००७ च्या सुमारास बंद पडली. स्विफ्टमधलं १.३ इंजिन २०१० मध्ये गेलं, त्याजागी १.२ आलं. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, जिप्सीचं २०१९ मध्ये. नंतर रॅलीवाल्यांनी फोक्सवॅगन पोलो आपलीशी केली, तीही २०२२ मध्ये भारतात बंद झाली. जिप्सीची वारसदार जिम्नी २०२३ मध्ये आली, पण पावणेतेरा लाखांच्या आसपास सुरुवात! अडीच लाखवाल्यांनी तिच्याकडे बघून नुसतं हसायचं.

म्हणजे आमच्या बजेटमधली प्रत्येक गाडी आता पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे आहे. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करायची फी आधी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ च्या नियमाने १०,०००. वर पर्यावरण कर. जुनी गाडी रस्त्यावरून जावी यामागचं कारण मला पटतं, नागपूरच्या हवेत मीही राहतो. पण त्याचा एक परिणाम असा की हौशी माणसाची शिडी खालच्या पायरीकडून कापली जातेय.

दुसरी अडचण कायद्याची. मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. रोल केज ठोकला की ती गाडी ट्रेलरवरच न्यायची. तिसरी गोष्ट विम्याची. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. पॉलिसी काढून वाचा, बारीक अक्षरांत आहे.

आणि चौथी अडचण आमच्या गावाची. नागपूर म्हणे देशाच्या मध्यावर, झीरो माइलचा दगड आहे आमच्याकडे. त्यामुळे सगळं सारखंच लांब! चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा, तिन्हीकडे हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त. ट्रेलर भाड्याने घ्यायचा तर गाडीपेक्षा वाहतूक महाग पडते. म्हणून नागपूरकराच्या यादीत एक अट वरती लिहावी लागते, जी पुण्या-चेन्नईच्या माणसाला सुचणार नाही: गाडी स्वतः चालत गेली पाहिजे, खेळली पाहिजे, आणि रात्री स्वतः चालत परत आली पाहिजे.

या अटीने बरंच काही आपोआप ठरतं. जिप्सी आमच्यातल्या एकाचं पहिलं प्रेम आहे. "जिप्सीले पर्याय नाही राजेहो" हे त्याचं पालुपद. तो चुकीचं बोलत नाही. मातीत, चढावर, टीएसडीत, सगळीकडे ती उतरेल. पण चांगली जिप्सी आता संग्राहकांच्या भावाने जाते, आणि ती घेऊन समृद्धी महामार्गाने नाशिककडे जायचं तर कान आणि कंबर दोन्ही इगतपुरीपर्यंत शिल्लक राहायला हवेत. ८०० सगळ्यात स्वस्त आणि हलकी, पण चार प्रौढ माणसं आणि चार सुटी चाकं घेऊन ४५ अंशांच्या मे महिन्यात तिला वर्धा रोडवर ताणायचं मला जिवावर येतं. एस्टीम मनातून आवडते, फक्त आता पत्रा शाबूत असलेली शोधावी लागते.

म्हणून आमचं मत तीन विरुद्ध एक असं पडलंय: २००५ ते २०१० मधली पेट्रोल स्विफ्ट, १.३. इंजिन त्याच घराण्यातलं. पत्रा त्या सगळ्यांत तरुण. ऑटोक्रॉसला पुरेशी चपळ, टीएसडीला भरवशाची, ट्रॅकवर लाज जाणार नाही इतकी जलद. हिमालय तिला झेपणार नाही, तो आम्ही सोडला. एक खेळ सोडला की बाकीचे तीन हातात येतात, असा आमचा व्यवहार.

हिशेबही मांडून ठेवतो. गाडीला १,३०,०००. टायर, शॉकअप, बुश, ब्रेक यांना ४०,०००. हेल्मेट, अग्निशामक वगैरे सुरक्षेला २५,०००. नोंदणी आणि विमा १५,०००. उरलेले ४०,००० प्रवेश फी आणि पेट्रोलला. इंजिनची ताकद वाढवायला शून्य रुपये. आधी हे शून्य कुणाला पटत नव्हतं. पण करिवर्धनांच्या गोष्टीतून मी तरी एवढंच उचललं: इंजिन सगळ्यांचं सारखं ठेवा, मग बघू कोण किती पाण्यात आहे.

एवढा खटाटोप कशाला, असं घरून विचारलं जातंच. माझं उत्तर तयार आहे. रात्री अकरानंतर रिंग रोडवर जाऊन बघा, पोरं काय करतात ते. वेगाची खाज त्यांना आहे, आम्हालाही होती. ती भागवायला हेल्मेट घालून, चुन्याच्या रेषांमध्ये, अँब्युलन्स उभी करून, एका वेळी एकच गाडी सोडणारा खेळ अस्तित्वात आहे. त्याची किंमत चार मित्रांच्या खिशात मावेल इतकी राहिली पाहिजे. ती राहिली नाही तर खेळ मोठ्या शहरांतल्या मोठ्या लोकांचा होईल, आणि आमच्या पोरांना रिंग रोड उरेल.

तर सध्या शोध सुरू आहे. २००८ ची एक पांढरी कामठी रोडला बघितली, मिस्त्रींनी इंजिनला कान लावून मान हलवली, पण खालचा पत्रा ठोकून बघितल्यावर तोंड वाकडं केलं. पुढच्या शनिवारी वर्ध्याला एक बघायची आहे. एका निवृत्त मास्तरांची, एकाच हातातली.